चौलचा बाजार, कोर्लईची बोली

अलिबागहून मुरुडकडे निघालेल्या गाड्या चौलला थांबत नाहीत. नागावला थांबतात, काशीदला थांबतात, जंजिऱ्यासाठी राजपुरीच्या धक्क्यावर तर रांगा लावून थांबतात. मधे रेवदंड्याला तटबंदी फोडून केलेल्या वाटेने रस्ता आत शिरतो, माडा-पोफळींच्या सावलीतून वळणं घेत पुढे जातो आणि पलीकडच्या खिंडारातून बाहेर पडतो. आपण एका जुन्या पोर्तुगीज शहराच्या पोटातून गेलो, हे गाडीतल्या माणसांच्या लक्षातही येत नाही.

किनाऱ्यावरचे किल्ले पाहताना आपल्याला वेढा कुणी घातला, तोफ किती लांबीची, किल्ला पडला की नाही, एवढंच विचारायची सवय लागली आहे. चौलला ती सवय बाजूला ठेवावी लागते. चौल ही आधी पेठ होती, मग रणभूमी झाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या वाटाड्या पुस्तकापासून, ‘पेरिप्लस’पासून, सतराव्या शतकापर्यंत या बंदराचं नाव दर्यावर्दींच्या तोंडी होतं. कुणी सेमिल्ला लिहिलं, कुणी सैमूर, कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांनी चेमूल कोरून ठेवलं. इथे ज्या लढाया झाल्या त्या या पेठेसाठी झाल्या, आणि लढणारे निघून गेल्यावरही पेठेच्या निमित्ताने आलेली माणसं इथेच राहिली. म्हणून चौल-रेवदंडा-कोर्लई हा पट्टा एका दिवसात, सावकाश, जमलं तर चार मित्रांसोबत पाहावा असं मला फार वाटतं. फेब्रुवारीत आम्ही तो तसा पाहिला.

आम्ही पाचजण कॉलेजपासूनचे. त्यातली एक आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेली, एक वास्तुविशारद, एकाचं बँकेत आयुष्य गेलं, एकीचं माहेर अलिबाग तालुक्यातलं, आणि मी. गेटवेहून पहाटेची लाँच धरली की तासाभरात मांडवा येतं. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो सुरू झाल्यामुळे गाडीही पाण्यावरून नेता येते. आम्ही मात्र लाँचने आलो आणि अलिबागहून दिवसभरासाठी रिक्षा ठरवल्या. या रस्त्याला रिक्षेइतकं सोयीचं वाहन नाही, कारण दर दोन-तीन किलोमीटरवर उतरावंसं वाटतं.

पहिला थांबा अक्षीचा. इथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. वर चंद्र-सूर्य, आणि दान मोडणाऱ्याला शाप देणारं गाढवाचं शिल्प. गधेगळ म्हणतात तो प्रकार. शिलाहार राजा केसिदेवराय या दगडावर स्वतःला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवून घेतो, कोकणचा चक्रवर्ती म्हणवून घेतो, आणि लगेच पुढे विषय निघतो तो महालक्ष्मीच्या बोडणाचा आणि त्यासाठी लावून दिलेल्या धान्याचा. समुद्रावरची सत्ता आणि देवीचा नैवेद्य एकाच दगडावर मावले आहेत. आमची प्राध्यापक मैत्रीण तिथे बराच वेळ उभी होती. “मराठी लिहायला लागली तीच समुद्राकाठी,” ती म्हणाली. अभ्यासक इतर लेखांचा दावाही पुढे ठेवतील, तारखांबद्दल वाद होतील. पण रस्त्यालगत हजार वर्षांपूर्वीची मराठी उभी आहे आणि त्या मराठीला समुद्र ठाऊक आहे, एवढ्यानेही माझं मन भरून आलं.

पुढे नागावच्या वाड्या लागतात. रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगायला सुरुवात झाली होती. अलिबागच्या या कांद्याला आता भौगोलिक मानांकन आहे. माहेरवाशीण मैत्रिणीने परतीच्या वाटेवर घ्यायच्या म्हणून दोन वेण्या बाजूला ठेवून घेतल्या आणि आम्ही चौलला पोचलो.

चौलमध्ये बघायचं काय, असं कुणी विचारलं तर उत्तर पटकन देता येत नाही. रामेश्वराचं देऊळ आहे, पुढे पुष्करणी, आणि आत पर्जन्यकुंड. पाऊस लांबला की ते उघडायचं अशी श्रद्धा. टेकडीवर पायऱ्या चढून दत्ताचं देऊळ, तिथे दत्तजयंतीला मोठी जत्रा भरते. हिंगळाजच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. झाडीत एक हमामखाना मोडून पडला आहे, एका जुन्या मशिदीच्या भिंती उभ्या आहेत. हे सगळं एकमेकांपासून इतकं विखुरलेलं आहे की त्याचं मिळून एक शहर होतं हे डोळ्यांना पटत नाही. बँकवाल्या मित्राने सरळ विचारलं, “अरे, पण बंदर कुठंय?”

प्रश्न रास्त होता. चौलमधून समुद्र दिसतच नाही. कुंडलिकेच्या मुखातून आत शिरणारी खाडी एके काळी गलबतांना गावाच्या अंगणापर्यंत आणत असे. गाळाने ती उथळ होत गेली, आणि आज जिथे खाजण आणि भातखाचरं दिसतात तिथे कधीकाळी माल उतरत होता हे सांगावं लागतं. वरचं चौल आणि खालचं चौल असे दोन भाग होते. वरच्यात इथले आणि अरबस्तानापासूनचे व्यापारी. खालचं, समुद्राकडचं, पुढे पोर्तुगीजांनी तटबंदीत घेतलं, तेच आजचं रेवदंडा.

वरच्या चौलचं उत्तम वर्णन अल्-मसूदी या बगदादच्या प्रवाशाने करून ठेवलं आहे. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे सन ९१६ च्या आसपास तो इथे आला होता. तेव्हा राष्ट्रकूटांच्या अधीन असलेला शिलाहार झंझ इथे राज्य करत होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या घरात मुसलमान या गावात राहतात, असं तो लिहितो. त्यांच्या तंट्यांचा निवाडा त्यांच्यातलाच एक प्रमुख करत असे, आणि ती नेमणूक राजा करी. परमुलखातून आलेल्या व्यापाऱ्याला त्याच्या कायद्याने जगू देणं ही या बंदराची रीत होती, आणि त्या रीतीवरच त्याची भरभराट उभी होती. पानसुपारीवरही मसूदी मन लावून लिहितो. ती सुपारी आजही याच मातीत येते. हजार वर्षांत राज्यकर्ते किती बदलले, पोफळीची वाडी मात्र पाटाच्या पाण्यावर अजून तशीच उभी आहे.

मग घोडे. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला अरबी, इराणी घोडे लागत. आपल्या हवेत चांगली पैदास होत नसे. घोडा समुद्रातून यायचा, आणि त्या वाटेवरच्या मोठ्या दारांत एक दार चौल होतं. याच वाटेने, १४६९ च्या सुमारास, एक रशियन माणूस एकच घोडा घेऊन चौलला उतरला. त्याचं नाव अफानासी निकितिन, गाव त्वेर. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे हा त्याच्या जवळपास तीस वर्षं आधीचा. मागे आरमार नाही, पाठवणारा राजा नाही. व्होल्गातून निघाला, वाटेत लुटला गेला, कास्पियन ओलांडून इराणात उतरला, होर्मुझहून गलबत धरलं. चौलला पाऊल ठेवताच बायका-पोरं आपल्यामागे चालू लागल्याचं, गोरा माणूस बघायला लोक जमत असल्याचं त्याने नोंदलं आहे. तिथून घाट चढून जुन्नर. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो, वर मोहराही देतो म्हणून मुदत घातली. एका खोरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून घोडा परत मिळाला, तो पुढे बिदरकडे विकला गेला. सोबतची पुस्तकं लुटीत गेल्याने आपले उपास कधी, सण कधी याचा त्याला हिशोब लागेना, आणि हे दुःख तो पुन्हा पुन्हा सांगतो. दाभोळहून तो परत निघाला, पण घरी पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची वही तेवढी मॉस्कोपर्यंत गेली.

रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभ आहे. ख्वाजा अहमद अब्बासांनी रशियन दिग्दर्शकासोबत १९५७ साली त्याच्यावर ‘परदेसी’ सिनेमा काढला होता, नर्गिस आणि बलराज साहनी त्यात होते. स्तंभ पाहताना मला राहून राहून वाटत होतं, की आपल्याकडच्या पंधराव्या शतकातल्या साध्या माणसांचं इतकं जवळून वर्णन करणारे लोक फार थोडे आहेत. काय खातात, काय नेसतात, सरदार कसा मिरवतो आणि रयत कशी उघडी फिरते, हे या पोटार्थी व्यापाऱ्याने लिहून ठेवलं. आपल्या शाळांतून निकितिन एक धडा म्हणून यायला हवा. रायगड जिल्ह्यातल्या मुलांसाठी तर नक्कीच.

रेवदंड्याचा कोट म्हणजे जिवंत गाव आहे. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशहाकडून बांधकामाची परवानगी मिळवली, आणि पुढे वखारीचा कोट झाला, कोटाचं शहर झालं. डोमिनिकन, जेझुइट, फ्रान्सिस्कन सगळ्यांचे मठ आणि चर्चं इथे होती. १५७०-७१ मध्ये निजामशहाच्या फौजेने या शहराला महिनोन्महिने वेढा घातला, तरी ते पडलं नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी इथे मोर्चे लावले. आज त्या चर्चांच्या भिंतींना टेकून नारळाच्या वाड्या आहेत. एका कमानीखालून कुणाच्या तरी विहिरीचा पाट वाहतो, दुसऱ्या भिंतीला मिरवेल चढला आहे. दरवाजावर पोर्तुगालचं राजचिन्ह अजून ओळखू येतं.

वास्तुविशारद मित्राला तिथून हलवणं कठीण गेलं. सातखणी नावाचा उंच मनोरा आहे, फ्रान्सिस्कन चर्चचा; नाव सातखणी असलं तरी आज तेवढे मजले उरलेले नाहीत. त्याने आम्हाला भिंतीची जाडी वर वर कशी कमी होत जाते ते दाखवलं, वासे बसवायच्या खाचा दाखवल्या, चुन्यात मिसळलेले शिंपले बोटाने दाखवले. वडा-पिंपळाची मुळं सांध्यासांध्यात शिरली आहेत. “झाड कापून उपयोग नाही, मूळ मारावं लागतं, आणि ते दर पावसाळ्यानंतर बघावं लागतं,” तो म्हणाला. एवढ्या उंचीचं पोर्तुगीज बांधकाम आपल्या किनाऱ्यावर फारसं उरलेलं नाही. त्याची मोजमापं घेऊन नकाशे करून ठेवणं हे कुठल्याही वास्तुकला महाविद्यालयाच्या एका वर्गाला जमण्यासारखं काम आहे.

तटाच्या कडेने किनाऱ्यावर उतरता येतं, ते मात्र ओहोटी पाहून. भरतीला पाणी तटाच्या पायाशी येतं, आणि उधाणाच्या दिवसांत वाळू उरतच नाही. आम्हाला सकाळची सुकती मिळाली. काळसर, घट्ट वाळू, मागे सुरूची झाडं, आणि डावीकडे मैलभर चालत जाईल असा तट. दगडांना कालवं चिकटलेली, एक बाई कोयतीच्या टोकाने ती फोडत बसली होती. आम्ही जेवलो एका घरगुती खाणावळीत. जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. जिताडा आमच्या मैत्रिणीच्या मते पाहुण्याचा मान ठरवतो. तो ताटात आला की पाहुणा जवळचा.

रेवदंड्यात बेने इस्रायल ज्यूंचं सिनेगॉग आहे, बेथ एल. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाच्या घाण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून आजूबाजूचे त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी ही त्यांची घरची भाषा. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलच्या जुन्या करारातल्या कथांवर मराठी कीर्तनं केली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, आणि तिथून त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. रेवदंडा, चौल, थळ, अलिबाग इथली गावनावं आडनावांत घेऊन ही माणसं भूमध्य समुद्राकाठी राहतात. निकितिन एकटा आला नि एकटा गेला. ही माणसं आली, इतकी मुरली, आणि जाताना भाषा बरोबर घेऊन गेली.

दुपारी कुंडलिकेच्या पुलावरून साळावला उतरलो. पुलावर रिक्षा थांबवायला लावली, कारण नदीचं मुख तिथून नीट दिसतं. मार्च १५०८ मध्ये इथे मोठी आरमारी लढाई झाली. इजिप्तच्या मामलुक सुलतानाने अमीर हुसेनच्या हाताखाली पाठवलेलं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा. मिऱ्यांचा, मसाल्याचा व्यापार कुणाच्या हातात राहणार याचा हा झगडा होता, आणि त्यात कैरो नि लिस्बन आपल्या चौलच्या पाण्यात भिडले. लोरेन्सोचं जहाज माघार घेताना अडकलं ते मासेमारीसाठी नदीत रोवलेल्या खुंटांत. ते तिथून सुटलं नाही. त्याच्या पायावर गोळा बसला, तरी डोलकाठीपाशी बसून तो हुकूम देत राहिला, आणि पुढच्या गोळ्याने मेला. मुलाच्या सुडासाठी बाप पुढच्या वर्षी दीववर चालून गेला, आणि हिंदी महासागरावरची पोर्तुगीज हुकमत त्या १५०९ च्या लढाईने पक्की झाली. युरोपच्या इतिहासात नोंदलेल्या या घटनेत इथल्या कुणा अनामिक कोळ्याने जाळ्यासाठी ठोकलेल्या खुंटांचा वाटा आहे, हे आम्हा कुणालाही शाळेत सांगितलं गेलं नव्हतं.

कोर्लईचा डोंगर म्हणजे समुद्रात घुसलेला अरुंद सुळका. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या. इथून बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर नजर राहते, म्हणून निजामशहाने इथे किल्ला बांधायला घेतला आणि म्हणूनच १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी पाणी ओलांडून तो घेतला. दीपगृहाच्या बाजूने चढण आहे, दम लागतो पण तास लागत नाही. वर पाण्याची टाकी, मोडलेलं चर्च, तोफा, पोर्तुगीज अक्षरांचे दगड. वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकली, त्याच मोहिमेच्या ओघात इथेही वेढे पडले, आणि १७४० च्या तहाने चौल नि कोर्लई मराठ्यांकडे आले. तोवर पेठेचा जीव गेलाच होता. खाडी भरत चालली होती, वरचं चौल लढायांनी उजाड झालं होतं, आणि उत्तरेला इंग्रजांची मुंबई वाढत होती. चौलच्या रेशमाचं कौतुक युरोपी प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे. ते विणणारे हातही पुढे मुंबईकडे वळले. मुंबई आली आणि चौल संपलं, असं सरसकट म्हणतात. मला तसं वाटत नाही. चौल थोडं थोडं करून मुंबईत गेलं.

१७४० मध्ये पोर्तुगीज अधिकारी गेले, धनिक गेले. शेतात-बागेत राबणारी ख्रिस्ती कुटुंबं मागे राहिली. ती किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लईत वसली, आणि त्यांची भाषा आजतागायत इथे बोलली जाते. ती स्वतः तिला ‘नौ लिंग’ म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. शब्द बहुतेक पोर्तुगीज मुळाचे, पण वाक्याची ठेवण मराठीची: क्रियापद शेवटी येतं, पोर्तुगीजमध्ये नामाच्या आधी येणारे शब्द इथे नामाच्या मागे जातात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या एका गावाच्या भाषेवर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. लिस्बनशी संबंध तुटून पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, शेजार सगळा मराठी, शाळा मराठी, तरी घरातल्या घरात ही भाषा टिकली. सत्तेने ती टिकवली नाही, कुठल्या अकादमीने टिकवली नाही. लग्नं आपसांत होत राहिली, चर्च गावाच्या मध्ये राहिलं, आणि आईने लेकराला त्याच भाषेत हाक मारली.

माउंट कार्मेल चर्चच्या अलीकडे एका पडवीत एक वयस्कर बाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आमच्या मैत्रिणीने “मावशी, बसू का जरा?” म्हटलं आणि सूप मध्ये ठेवून आम्हीही सोलायला लागलो. मावशी आमच्याशी अलिबागकडच्या ठसक्याच्या मराठीत बोलत होत्या, मधेच अंगणातल्या नातवाला काहीतरी ओरडल्या ते नौ लिंगमध्ये. नातवाने उत्तर दिलं ते मराठीत. प्राध्यापक मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला विचारायच्या आत मावशीच म्हणाल्या, “समजतं त्याला सगळं. बोलत नाय. शाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी, मग आमचं कधी बोलेल?” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यांच्या लहानपणी चर्चमध्ये प्रार्थनाही पोर्तुगीज असे, गोव्याहून पाद्री येत. पुढे तीही मराठीत आली. मराठीत प्रार्थना करणं त्यांना आवडतं, असं त्यांनी आवर्जून सांगितलं.

परतीच्या लाँचवर आमचं एकमत झालं नाही. वास्तुविशारदाचं म्हणणं, आधी मनोरा, कारण एखाद्या पावसाळ्यात तो बसला तर उभा करता येणार नाही. बँकवाल्या मित्राला चौलमध्ये एक छोटं संग्रहालय हवं होतं, बंदराचा जुना नकाशा, घोड्यांचा व्यापार, रेशीम, बेने इस्रायलांची कीर्तनं, सगळं एका छपराखाली, म्हणजे मुरुडच्या गाड्या तासभर तरी थांबतील. दोघांचंही मला पटतं. पण प्राध्यापक मैत्रिणीने तोवर वहीत एक यादी लिहून काढली होती: माशांची नावं, शेतीच्या अवजारांची नावं, नातीगोती, भाताच्या कामाचे शब्द, बाळाला झोपवताना म्हणतात ते, लग्नात म्हणतात ते. यातलं जे जे कोर्लईच्या आज्यांना नौ लिंगमध्ये येतं ते नातवंडांनीच आपल्या फोनवर नोंदवावं, आणि नोंदी गावातच राहाव्यात, अशी तिची योजना. त्या पडवीत तिने मावशींना विचारून ठेवलं आहे. एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली की ती पुन्हा जाणार आहे, आणि यावेळी मुक्कामाला.